टिटवीच्या अंड्यांजवळचा चेंडू

फार पूर्वी, जनावरं माणसांसारखी बोलत तेव्हा, एका माळावर हरणांचा गोल्फ क्लब होता. हौशा बैलाचं सारं आयुष्य तेलाच्या घाण्याभोवती फिरण्यात गेलं होतं. म्हातारपणी सुटका झाल्यावर त्याला मोकळ्या गवतावर खेळायची ओढ लागली. तोंडात काठी धरून तो चेंडू मारायला चिकाटीने शिकला.

क्लबात शिरायला एक डाव जिंकावा लागे. हौशा क्लबातल्या एका चितळाशी चुरशीने खेळला. शेवटचा खळगा अगदी जवळ आला, तेव्हा त्याचा चेंडू घरंगळत टिटवीच्या अंड्यांना टेकून थांबला. टिटवी कळवळून ओरडू लागली.

"चेंडू आहे तिथूनच मारावा लागेल," चितळ म्हणाला. "नियमच आहे तसा."

हौशाने काठी खाली ठेवली. "मग डाव तुमचा. टिटवीबाई, तुम्ही बसा निवांत."

डोळ्यांतलं पाणी लपवत तो फाटकाकडे वळला. तेवढ्यात क्लबाचा प्रमुख, म्हातारा काळवीट, त्याला आडवा आला.

"कुठे निघालात, हौशाराव? चेंडू मारणारे इथे पुष्कळ आहेत. उद्यापासून माझ्या जोडीला खेळायला तुम्ही हवे आहात."

चितळाने हौशाची काठी उचलली आणि अदबीने त्याच्यापुढे धरली.