येसूची भाकरी आणि सात चाखणारे

"आम्ही जन्मात कधी खाल्लं नाही असं काहीतरी उद्या दुपारी वाढ. नाहीतर ही खाणावळ बंद!"

राजा प्रतापभानूंनी हे फर्मावलं तेव्हा येसूच्या हातात पिठाचा गोळा होता. तिची खाणावळ म्हणजे एक चूल, एक तवा आणि बंदरावरचे तीस हमाल. पण त्यावरच तिचं आणि तिच्या आंधळ्या आईचं पोट होतं.

सोनवळ शहर मोठं. बंदराला परदेशी गलबतं लागत आणि बंदरामागच्या गल्लीत देशोदेशीचे आचारी दुकानं मांडून बसत. महाराजांना नवं खायचा भारी नाद. रोज दुपारी त्यांची पालखी गल्लीत येई. मागून दरबारी येत, आणि ताटावरचं झाकण निघायच्या आतच "अपूर्व! अपूर्व!" म्हणून माना डोलावत.

महाराज मात्र एक घास खाऊन तोंड वाकडं करत. "यात नवीन काय? बंद करा हे दुकान!"

अरबाचा पुलाव बंद झाला. फिरंग्याचं सूप बंद झालं. त्या दिवशी नुकतंच चिनी शेवयांचं दुकानही बंद झालं होतं. म्हातारा चिनी आचारी आपली कढई पोटाशी धरून येसूच्या ओट्यावर येऊन बसला होता. येसूने त्याला पाणी दिलं.

"पोरी, उद्या तू काय करणार?" त्याने विचारलं.

"रोज करते तेच, बाबा."

दुसऱ्या दिवशी पालखी आली. महाराज ओट्यावरच्या गादीवर बसले.

"काय केलंस?"

"भाकरी आणि पिठलं."

दरबारी खो खो हसले. महाराज लालबुंद झाले. "भाकरी? अगं, भाकरी आम्ही लहानपणापासून खातो!"

"नाही, महाराज. तुम्ही ती कधीच खाल्लेली नाही. पण माझ्या खाणावळीची एक रीत आहे. इथं ताट बाहेर जात नाही. जेवणाराच चुलीपुढे येतो."

"चुलीपुढे? आम्ही?"

"हमाल येतात की. त्यांच्या पाठीवर तर गोणीही असते."

महाराज कुरकुरत आत आले आणि चुलीपुढे बसले. येसूने भाकरी थापली, तव्यावर टाकली, मग निखाऱ्यावर टेकवली. भाकरी टम्म फुगली. ती उचलणार, तोच मागून सात जण एका रांगेत पुढे झाले. हे महाराजांचे चाखणारे. पुढे भिवजी, ढेरी सावरत.

"थांब! आधी आम्ही चाखणार. मग वैद्यबुवा तासभर आमच्या नाड्या बघणार. सातही जिवंत आहेत असं त्यांनी लिहून दिलं, की ताट महाराजांपुढे!"

"माहीत आहे मला," येसू ओट्यावरच्या चिनी आचाऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "दारातून रोज बघते. या बाबांच्या शेवयांवरची वाफ भिवजीकाकांच्या मिशीत जाते, आणि महाराजांच्या ताटात उरतो तो लगदा!"

"पण विष असलं तर?" कारभारी ओरडले.

येसूने भाकरीचे दोन तुकडे केले. एक पिठल्यात बुडवून स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा महाराजांपुढे धरला. "असलं तर दोघं बरोबरच जाऊ. रांग लावायला नको!"

महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तुकडा घेतला.

"हाय हाय!" ते ओरडले. तुकडा या हातातून त्या हातात गेला. कारभाऱ्यांनी तलवार उपसली. पण महाराजांनी फुंकर मारून घास तोंडात टाकला होता. मग त्यांनी बोटं चाटली.

"हे... हे काय आहे?"

"गरम आहे, महाराज."

"आणि आजवर आम्ही जे खाल्लं ते?"

"तुम्ही बावन्न देशांचं जेवलात, पण खाल्लात एकच पदार्थ. गारढोण!"

महाराज वळले. "भिवजी! तू वीस वर्षं काय खातोस?"

भिवजीने मान खाली घातली. "गरम, महाराज."

"आणि आम्हांला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही 'विष आहे का?' एवढंच विचारलंत!"

महाराज इतके हसले की मुकुट पिठाच्या परातीत पडला. "माग पोरी, काय हवं ते माग!"

"माझी चूल राहू दे. आणि गल्लीतली बंद दुकानं उघडा. या बाबांच्या शेवया एकदा कढईतून निघाल्या निघाल्या खा."

"दिलं! खाणावळीची जागाही तुझ्या नावावर! आणि आजपासून पहिला घास आमचा. चाखणारे मागून!"

"पण महाराज, विष असलं तर?" कारभारी रडकुंडीला आले.

"असू दे! गरम तर असेल!"

महाराजांनी पाच भाकऱ्या खाल्ल्या. मग वैद्यबुवांनी तासभर त्यांची नाडी पाहिली, आणि त्यानंतर कुठे भिवजीच्या हातात भाकरी आली.

"वातड आहे हो!" तो म्हणाला.