वरून आले की

"पण वरून पैसे आलेच नाहीत, तर मी खाली कुठून देणार, महाराज?"

दिनकरशेठांनी हा प्रश्न गाडीत बसल्यापासून मनात घोळवला होता. त्याला उत्तर नाही याची त्यांना खात्री होती. त्या खात्रीनेच ते मठाच्या पायऱ्या चढले होते.

भावगिरी महाराज ओसरीवर बसून तुरीच्या डाळीतले खडे निवडत होते.

"नीट सांग," एवढंच ते म्हणाले.

शेठ सांगू लागले. उड्डाणपुलाचं काम एका बड्या कंपनीचं. कंपनीने खांबांचं काम शेठना दिलं, शेठनी त्यातलं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटचे साचे उभारायचं काम, सिद्रामला दिलं. कंपनीने शेठचं बिल अडवलं, म्हणून शेठनी सिद्रामचं अडवलं. या धंद्यात हे असंच चालतं, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. पण सिद्राम आपली माणसं घेऊन सरळ गावी निघून गेला. आता या महिन्यात खांब उभे राहिले नाहीत, तर शेठच्या हातातलं काम जाणार होतं.

"तो तुमच्या शब्दाबाहेर नाही, महाराज. त्याला कामावर पाठवा."

"दुसरा कुणी मिळत नाही?"

"मिळतात छप्पन्न. पण काम जाणणारी माणसं त्याची, आणि ती फक्त त्याचंच ऐकतात."

"का बरं?"

शेठनी मान झटकली. "त्यांची मजुरी त्यानं चुकती केली ना. स्वतःच्या लोखंडी प्लेटा विकून. ज्यांत काँक्रीट ओतायचं, त्याच विकल्या. आता धंदा काय डोंबल करणार? प्लेटा मलाच भाड्यानं आणाव्या लागतील."

महाराजांनी एक खडा बाजूला टाकला.

"त्याला वरून आले होते?"





"अडाणी आहे तो," शेठ म्हणाले. "त्याला व्यवहार कळत नाही."

महाराज डाळ निवडत राहिले.

शेठना राग आला. त्याहून जास्त लाज वाटली, आणि ती झाकायला त्यांनी खिशात हात घातला. एक जाडजूड पाकीट काढून ओसरीवरच्या देवासमोर ठेवलं.

"पन्नास हजार आहेत. मठाच्या कळसासाठी. नाही म्हणू नका, मी मनापासून देतोय."

महाराजांनी सूप खाली ठेवलं. उठले. पाकीट उचललं, आणि शेठच्या हातात परत दिलं.

"कमी आहेत का, महाराज?"

"नाही..."

"मग?"

महाराज पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हसले.

"दिनकर, देवाचं कुठलं बिल थकलंय रे तुझ्याकडे?"