पैलतीर सरकवणारा पूल

एका जंगलात एक ढाण्या वाघ राज्य करत असे. राज्य लोकशाही होतं. दर पाच वर्षांनी प्रजा त्यालाच निवडून देई, कारण बाकीचे उमेदवार प्रचाराला निघत आणि परत येत नसत.

या जंगलात एक मोठा डोह होता. अलीकडे वाळलेलं रान, पलीकडे हिरवं गवत आणि मधे मगरी. उन्हाळ्यात अलीकडे वणवा पेटे. करडी नावाच्या रोहीचं, म्हणजे नीलगाईचं, पाडस गेल्या वणव्यात गेलं होतं. यंदा तिला दुसरं झालं होतं. म्हणून महाराजांनी डोहावर पूल बांधायची घोषणा केली, तेव्हा तिने सगळ्यांत जोरात खूर आपटले.

कामावर काटेसाहेब नावाचा साळिंदर नेमला गेला. तो परक्या जंगलातून प्रकल्प व्यवस्थापन शिकून आला होता. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, "आधी उद्दिष्ट, मग आराखडा, मग जोखीम. कुणाला काही धोका दिसतो का?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. या जंगलात रीतच तशी होती. जो धोका सांगेल, धोका त्याच्याच नावावर चढे. मागे एका बगळ्याने बांधाला गळती असल्याचं सांगितलं होतं. पुढे बांध फुटला आणि खटला बगळ्यावर चालला. तेव्हापासून इथला प्रत्येक प्रकल्प धोकामुक्त असे.

करडीला हे ठाऊक होतं. पण पाडस तिच्या पोटाशी उभं होतं.

"साहेब, वणवा," ती म्हणाली. "पूल वणव्याआधी व्हायला हवा."

"उत्तम! वणव्याची जबाबदारी करडीताईंकडे."

"अगं बाई, कशाला तोंड उघडलंस?" शेजारच्या म्हाताऱ्या रोहीकाकी पुटपुटल्या.

काम सुरू झालं. महाराजांना आधी स्वागतकमान हवी होती. मग कमानीवर स्वतःची मूर्ती. मग मूर्तीला सावली. महाराज मुख्य हितधारक असल्याने प्रत्येक बदल मंजूर झाला आणि बराचसा बांबू कमानीतच संपला.

दर आठवड्याला आढावा होई. काम सुरळीत असेल तर हिरवं पान ठेवायचं, अडलं असेल तर वाळलेलं, असा काटेसाहेबांचा नियम होता. अलीकडे हिरवं पान उरलं नव्हतं, म्हणून कावळे आढाव्यासाठी पलीकडून पानं आणत. एकदा करडीच्या भुकेल्या पाडसाने ते पान खाल्लं. प्रकल्पाची प्रगती खाणारं ते पहिलं जनावर नव्हतं, पण पकडलं गेलेलं पहिलं होतं.

शेवटी दक्षिणेला धूर दिसला. पूल डोहाच्या मध्यापर्यंत आला होता आणि बांबू संपला होता.

"महाराज, पूल अर्धाच झालाय," करडी म्हणाली.

"अर्धा कुठे? जेवढा झालाय तेवढा पूर्ण झालाय," महाराज म्हणाले. "काय हो काटे?"

काटेसाहेब खाकरले. "काम उद्दिष्टापर्यंत पोहोचत नसेल, तर उद्दिष्ट कामापर्यंत आणता येतं, महाराज."

त्याच संध्याकाळी दवंडी पिटली गेली: पूल जिथे संपतो, तिथे पैलतीर सुरू होतो.

लोकार्पणाला महाराजांनी फीत कापली आणि करडीचा कळप पुलावर सोडला. "बंधू-भगिनींनो, मागच्या राजांनी तुम्हाला डोह दिला. मी तुम्हाला पैलतीर दिला!" टाळ्या झाल्या. मगरींनीही तोंडं उघडली.

काटेसाहेबांनी काठावरून ओरडून विचारलं, "करडीताई, कसा वाटतो पैलतीर?"

"गवत दिसत नाही, साहेब!"

"गवत दुसऱ्या टप्प्यात!"

तेवढ्यात वणवा आला. संपूर्ण प्रकल्पात वेळेवर आलेला तो एकटाच. कमान आधी पेटली, मग पूल. करडीने पाडसाला ढुशी देऊन पाण्यात ढकललं आणि मागोमाग स्वतः उडी घेतली. काकी मागे होत्या. मगरी तिकडे वळल्या. करडी आणि पाडस खऱ्या काठाला लागले. मागून आणखी काही आले. काकी आल्या नाहीत.

पाडस गवताला तोंड लावतंय तोवर कावळा दोन नोटिसा घेऊन आला. पहिलीत, करडीने आपल्या नावावरचा वणवा वेळेत आवरला नाही, असं म्हटलं होतं. दुसरी जरा गंभीर होती. जंगलाचा पैलतीर दवंडीप्रमाणे डोहाच्या मध्यावर होता. करडी त्याच्याही पुढे गेली होती. म्हणजे ती आता घुसखोर ठरली होती.

"अरे, पण मी पलीकडेच यायचं होतं ना?" करडी म्हणाली.

"यायचं होतं, ताई," कावळा म्हणाला. "पोहोचायचं नव्हतं."

मतदार यादीतून तिचं नाव गेलं. निवडणूक लागली तेव्हा जळक्या काठावर भला मोठा फलक उभा राहिला. त्यावर करडी आणि तिचं पाडस हिरव्या गवतात चरताना दाखवले होते, आणि खाली लिहिलं होतं, "आम्ही पोहोचलो. धन्यवाद, महाराज!"

घुसखोरांना हुसकावून लावण्याचं आश्वासन त्याच फलकाच्या मागच्या बाजूला होतं.