बावीस खिशांचा येसबा

फार वर्षांपूर्वी, शिंदोळ्याला पूल नव्हता आणि घाट उतरायला गाडीला दोन दिवस लागायचे, तेव्हाची ही हकिकत. गावात येसबा नावाचा गाडीवान होता. गूळ घेऊन तो बंदरावर जायचा आणि येताना मीठ भरून आणायचा. मीठ गावासाठी. स्वतःसाठी मात्र वाटेतल्या बाजारातून एखादा घडीचा चाकू घेतल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

त्याच्या बंडीला बावीस खिसे होते, असं म्हणतात, आणि त्यातला एकही रिकामा नव्हता. एकोणीस चाकू, एक चिमटा, एक कानकोरणं आणि एक दाभण. सांबरशिंगाच्या मुठीचा चाकू बैलाच्या खुरातला खडा काढायला. सुईसारख्या पात्याचा पायातल्या काट्याला. बाकदार पात्याचा आंब्याच्या कलमाला. एकाचं काम तो दुसऱ्याला लावायचा नाही.

“ह्यो मानूस उद्या भाकरी मोडाया बी चाकू काढंल,” असं त्याची बायको सगुणा शेजारणींना सांगायची. पण पायात काटा मोडला की त्याच शेजारणी येसबाच्या ओट्यावर येऊन बसायच्या. काटा निघाला तरी कळायचं नाही, असं म्हणतात. खोऱ्यातले बैल तर त्याला लांबून ओळखायचे आणि तो जवळ आला की दुखरा पाय आपणहून वर धरायचे. आता बैल आपणहून पाय वर धरतो का, ते मला विचारू नका. मी ऐकलं तसं सांगतो.

येसबाचा एक नेम होता. चाकू कोणालाही द्यायचा, पण हातात द्यायचा नाही. जमिनीवर ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलायचा. हातातून हातात चाकू गेला की दोघांत वैर येतं, असं तेव्हा सगळेच मानायचे. येसबा जरा जास्तच मानायचा, कारण त्याला तसा अनुभव होता. एकदा खळ्यावर घाईघाईत त्यानं धाकट्या भावाच्या, हैबतीच्या, हातात चाकू दिला होता. त्याच साली दोघांच्या शेताच्या बांधावरून भांडण झालं आणि बोलणं बंद झालं ते बारा वर्षं. खरी गोष्ट गावाला ठाऊक होती. हैबतीनं बांध वीतभर सरकवला होता. येसबा मात्र कोणी विषय काढला की म्हणायचा, “हैबतीची चूक न्हाई. म्या चाकू हातात दिला, तिथंच समदं बिघडलं.” भावाला दोष द्यायला त्याचं मन धजत नव्हतं, म्हणून त्यानं तो चाकूच्या माथी मारला होता. आतून तो रोज झुरायचा.

चैत्रात नदीपलीकडे म्हसोबाची यात्रा भरायची. पूर्वी कधीतरी यात्रेत मारामारी होऊन एक माणूस गेला होता, तेव्हापासून यात्रेला कोणी धारेची वस्तू न्यायची नाही असा गावाचा रिवाज होता. कोयते, कुऱ्हाडी, विळे सगळं घरी ठेवून निघायचं. येसबाला तेवढी सूट होती. बावीस खिसे रिकामे करायचे तर दुपार व्हायची, म्हणून पंचांनी त्याचा नाद सोडला होता.

त्या वर्षी एकोणीस गाड्या ओळीनं उतारातून, म्हणजे नदीच्या उथळ जागेतून, पलीकडे जात होत्या. माणसं गाड्यांत बसलेली, पाणी गुडघाभर. येसबानं स्वतःची गाडी काढली नव्हती, तो पुढे पायी चालला होता. वरच्या डोंगरात वळीव कोसळला होता, ते इथं कोणाला माहीत नव्हतं. बघता बघता पाणी कमरेला आलं. माणसं उड्या टाकून एकमेकांना धरून काठाला लागली. बैलांना मात्र जाता येईना. गाड्या वाळूत रुतल्या होत्या आणि बैलांना जुवाशी बांधणाऱ्या जुंपण्या भिजून अशा आवळल्या होत्या की गाठ सुटेना. गाडीवान बैलांपाशी थांबून बोटं सोलून घेत होते. एकाच्याही कमरेला विळा नव्हता.

“येसबा, चाकू टाक!” पहिला गाडीवान ओरडला.

टाकला असता तर तळाला गेला असता. येसबानं ठेवायला जागा शोधली. एक खडक नाही, एक कोरडी फळी नाही, सगळीकडे गढूळ पाणी. एकदा हातात चाकू दिला तर भाऊ गेला होता. आता एकोणीस घरं जायची. सगळा गाव वैरी होणार, आपल्याला पाणीसुद्धा कोणी विचारणार नाही, असं त्याला वाटलं. समोर बैलाच्या नाकापर्यंत पाणी चढलं होतं.

“वैर येऊ दे माझ्यावर,” तो म्हणाला आणि त्यानं चाकू गाडीवानाच्या हातात दिला.

मग तो थांबला नाही. धारेत एक एक पाऊल रोवत तो गाडीमागून गाडी गाठत गेला, खिशातून चाकू काढत गेला आणि हातात देत गेला. बाकदार पातं, सांबरशिंगी मूठ, कशाचं काम काय हे त्या दिवशी त्यानं पाहिलं नाही. तो चालत होता तिथं पाणी त्याला वाट देत होतं, असं म्हणतात. जुंपण्या तुटल्या आणि बैल पोहत काठाला लागले.

शेवटची गाडी हैबतीची होती. शेवटचा चाकूही एकच उरला होता.

“दादा, हातात नगं देऊस,” हैबती रडकुंडीला येऊन म्हणाला. बारा वर्षांतलं ते पहिलं बोलणं. “आधीच लई झालंय.”

“घे रं. आता आनि काय व्हायचं ऱ्हायलंय?”

हैबतीनं हात पुढे केला, पण चाकू घेतला नाही. येसबाचं मनगटच धरलं. “दादा, चाकूचा दोष न्हाई. बांध म्या सरकवला. मला ठावं हुतं, तुला बी ठावं हुतं.”

येसबा हसला, असं म्हणतात. “मग काप की आता,” तो म्हणाला.

हैबतीनं चाकू घेतला आणि जुंपण्या कापल्या. बैल सुटले तशी हलकी झालेली गाडी उलटली आणि येसबाला घेऊन गेली. हैबती तीन दिवस काठानं फिरला. बंडी सापडली. ती वाहत खाली न जाता धारेच्या उलट वर आली होती आणि उताराच्या दगडाला लागून थांबली होती, असं म्हणतात. येसबा सापडला नाही.

आता तिथं पूल आहे आणि यात्रेला ट्रॅक्टर जातात. तरी शिंदोळ्याची माणसं त्या दिवशी पुलाअलीकडे खाली उतरतात आणि पाण्यात उभी राहतात. ज्याचं ज्याच्याशी तुटलं असेल, त्यानं त्याच्यापुढे घडीचा चाकू धरायचा, मूठ समोरच्याकडे. समोरच्यानं चाकू घेण्याआधी आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची, आणि ती सांगून होईपर्यंत देणाऱ्यानं हात मागं घ्यायचा नाही. काही जण पटकन बोलतात. काहींना फार वेळ लागतो. तोवर पुलावर सगळे ट्रॅक्टर थांबलेले असतात आणि कोणी हॉर्न वाजवत नाही.