झिपरूबाबांची चूळ

फार फार वर्षांमागची गोष्ट. धामणदरच्या जत्रेत तेव्हा आजच्यासारखे पाळणे नव्हते, पण खाण्याची पालं अशी लागत की नदीपलीकडून माणसं नुसत्या वासावर चालत येत. आणि सगळ्यांच्या आधी येत झिपरूबाबा.

झिपरूबाबा म्हणजे जत्रेची जीभ. प्रत्येक पालावरचा पहिला घास त्यांचा. त्यांनी मान डोलावली की मग गिऱ्हाईक बसे. नाही डोलावली, तर त्या पालाने चूल विझवायची आणि पुन्हा या जत्रेत पाय ठेवायचा नाही, असा रिवाज. रिवाज कडक, पण जीभही तशीच होती. शेवभाजीचा रस्सा ओठाला लावून ते सांगत, लसूण कुणाच्या मळ्यातला. एकदा मांडा खाऊन म्हणाले, "पोरी, पीठ मळताना रडनी का तू?" आणि ती खरंच रडली होती, असं म्हणतात.

एका वर्षी धुरपाबाई पहिल्यांदाच जत्रेत आली. नवरा वारलेला, पदरी दोन लेकी, आणि हाताला फक्त भरताची चव. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून, मिरची-लसूण कुटून तिने पातेलं भरलं. बाबांनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू शे."

लोक उठून गेले. "बाबा, आखो एक घास खा ना," धुरपाबाई म्हणाली. पण बाबा पुढे निघालेसुद्धा. ती बिचारी चुलीवर ओतायला पाणी घेऊन उभी राहिली.

पुढच्या पालावर बाबांना गोड मांडा कडू लागला. त्याच्या पुढे साधी भाकरीही कडू! तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. वाटेत गावच्या नव्या जावयाने विडा दिला होता. जावयाच्या विड्याला नाही कसं म्हणायचं? चुना जास्त झाला होता आणि जीभ पोळली होती.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? पण बाबा भर जत्रेतून माघारी आले. सगळ्यांदेखत त्यांनी तांब्याभर पाण्याने चूळ भरली.

"भरीत नही, मनी जीभ कडू व्हती," ते मोठ्याने म्हणाले. "बाई, वाढ."

दिवस कलेपर्यंत ते उठले नाहीत. अठरा भाकरी खाल्ल्या, असं म्हणतात. आमच्या आळीत एकवीस सांगतात. मागोमाग अख्खी जत्रा जेवली तरी पातेल्याचा तळ दिसला नाही, असंही म्हणतात, आणि मला ते पटतं. उठताना बाबांनी सांगून टाकलं, यापुढे एका जिभेवर कुणाची चूल विझवायची नाही.

आजही तिथे प्रत्येक पालाबाहेर पाण्याचा माठ असतो. पदार्थ आवडला नाही तर नावं ठेवण्याआधी चूळ भरायची आणि दुसरा घास घ्यायचा. परगावचे हसतात. हसू देत. भरताच्या पालावर अजून धुरपाबाईच्याच वंशातल्या बाया बसतात. तिथे मात्र घास घेण्याआधीच सगळे चूळ भरतात, बाबांच्या नावाने, आणि मग म्हणतात, "बाई, वाढ."