काजळपरी आणि जांभळी विहीर

तुरीच्या शेतांमध्ये एक इवलंसं गाव होतं आणि त्या गावाची विहीर होती चक्क जांभळी! दिसायला गोड, प्यायला कडूजहर. वरच्या माळावरचा रंगाचा कारखाना केव्हाच बंद पडला होता. रंग मात्र जमिनीत मुरला होता आणि झिरपत झिरपत विहिरीत येत होता.

तिथे झेलू राहायची. तिची धाकटी बहीण चिनू ते पाणी प्यायली की पोट धरून रडायची. आता तर लोटी पाहिली तरी ओठ घट्ट मिटायची. आई मजुरीला जायची, म्हणून झेलूच बोरींच्या रानातून चिनूसाठी लोटीभर पाणी आणायची. तिथला झरा तरी केवढा? करंगळीएवढा! दिवसाला जेमतेम लोटीभर पाणी द्यायचा.

एके सकाळी बोरीखाली कुणीतरी कण्हलं. पाहते तर इटुकली परी! काजळासारखी काळीभोर, आणि पंखांच्या टोकांवर दोन सोनेरी ठिणग्या लुकलुकत होत्या.

"पाणी देतेस, बाळ? मी अशी काळी, म्हणून सगळे मला बघून पळतात."

"किती चमचम करतेस गं तू!" म्हणत झेलूने तिला अर्धी लोटी पाजली. मग तिने लोटीत डोकावून पाहिलं. आज चिनूला अर्धंच मिळणार होतं.

परी टवटवीत झाली. "माझ्या दोन ठिणग्या म्हणजे दोन इच्छा. माग."

"आमची विहीर बरी कर."

"करू. पण हात तुझे लागतील. खड्ड्यात तुराट्या रच, माझी ठिणगी टाक, पेटल्या की मातीने झाकून टाक. धूर आपोआप थांबेपर्यंत उघडायचं नाही, आणि फुंकायचं तर मुळीच नाही!"

झेलूने सगळं नीट केलं. पण धूर दिसला आणि घोटाळा झाला. चूल धुरावली की फुंकायचं, ही तिची रोजची सवय! तिने माती सारली, गाल फुगवले आणि फूऽऽ! भडका उडाला. खड्ड्यात उरली नुसती राख.

झेलू रडत परीकडे गेली. "मीच फुंकलं गं. चुकलं माझं."

"खरं सांगितलंस, शहाणी माझी. घे दुसरी. पण ही शेवटची हं!"

या वेळी झेलूने तोंडात मोठा चिंचोका धरला. आता फुंकणार कशी? दुपारभर डोळे झोंबले, तरी ती हलली नाही. शाब्बास गं पोरी! धूर विरला आणि आत निघाला हलका, काळा कुळकुळीत कोळसा.

"याच्यात हजारो चिमुकल्या खोल्या आहेत," परी म्हणाली. "रंग आणि कडूपणा आत शिरतात नि तिथेच अडकतात."

झेलूने भोकाच्या मडक्यात कोळसा भरला आणि वरून जांभळं पाणी ओतलं. खालून टपटप नितळ थेंब पडले! मग काय, अख्खं गाव कामाला लागलं. घरोघरी खड्डे, त्यांत चुलीतलाच विस्तव, आणि प्रत्येकाच्या तोंडात चिंचोका, अगदी सरपंचांच्यासुद्धा! माळ आणि विहीर यांच्या मधे लांब चर खणून तो कोळशाने भरला. जमिनीखालचं पाणी त्यातून गाळून येऊ लागलं. विहीर फिकी झाली, मग गुलाबी झाली, आणि एके सकाळी तळाचे दगड दिसले.

काठावर परी उभी होती. झेलूने पहिली लोटी तिच्यापुढे धरली.

"माझी अर्धी लोटी मी तेव्हाच प्यायले," परी हसली. "ही पूर्ण चिनूची."

सोनेरी उजेड भुरभुरला, पाण्यावर क्षणभर नाचला, आणि परी त्यात दिसेनाशी झाली.

झेलूने लोटी चिनूच्या ओठांना लावली. चिनूने ओठ घट्ट मिटले. मग एक थेंब चाटला. मग गटागटा सगळी लोटी संपवली आणि ती पुढे केली.

"ताई, अजून!"