चुलीची जागा

एकदा एका डोंगराळ मुलखात एक मनुष्य फार चांगला कारभारी निघाला, आणि त्याच्या अडचणीला तिथूनच सुरुवात झाली. वाईट कारभाऱ्याचं काय करायचं हे लोकांना बरोबर ठाऊक असतं. चांगल्याचं काय करायचं, हा प्रश्न भल्याभल्या देशांना सुटलेला नाही.

मुलूख म्हणजे किर्गिझस्तान. नकाशावर चीनच्या पश्चिम टोकाला बोट ठेवा, म्हणजे सापडेल. चहूबाजूंनी परके देश, समुद्राचा कुठे पत्ता नाही. गंमत अशी, की तिथल्या नद्यासुद्धा समुद्राला जात नाहीत. कुणी तळ्यात विसावते, कुणी शेजाऱ्यांच्या शेतांत नाहीतर वाळवंटात जिरून जाते. डोंगर मात्र इतके, की सपाट जमीन हुडकावी लागते. उन्हाळा आला की लोक मेंढ्या-घोडे घेऊन उंचावरच्या कुरणांत जातात आणि नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, गोल घरांत राहतात. सोव्हिएत संघ मोडल्यावर हा देश स्वतंत्र झाला. नवा झेंडा करताना त्यांनी त्यावर सूर्य काढला आणि सूर्याच्या मधोमध या गोल घराच्या छपराचं लाकडी कडं काढलं. त्याच कड्यातून चुलीचा धूर बाहेर जातो आणि उजेड आत येतो. तलवारी आणि सिंह सोडून घराचं छप्पर झेंड्यावर घेणाऱ्या या लोकांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

तर, अशा या देशातल्या एका खोऱ्याचा प्रमुख होता ताबिल्दी. वरून नेमून आलेले आणि वर्षानुवर्षं खुर्चीला चिकटलेले साहेब त्या खोऱ्याने पूर्वी पुष्कळ पाहिले होते. म्हणून स्वातंत्र्यानंतर लोकांनी आपल्या सभेत एक नियम करून टाकला: प्रमुख दोनदाच निवडायचा, तिसऱ्यांदा त्याने उभं राहायचं नाही. ताबिल्दी दोनदा निवडून आला आणि त्याने कामाचा धडाका लावला. खिंडीतला रस्ता हिवाळ्यातही उघडा राहू लागला. वरचं गाव आणि खालचं गाव ओढ्याच्या पाण्यावरून पिढ्यान् पिढ्या भांडत होती, ते भांडण त्याने मिटवलं. किर्गिझ असो, उझबेक असो, की मागे राहिलेलं एखादं रशियन कुटुंब असो, ज्याला त्याला वाटे की ताबिल्दी आपला माणूस आहे. एकच खोड होती. कुठलंही काम दुसऱ्याच्या हाती सोपवलं, की याला झोप लागत नसे. मग तो स्वतः जाऊन ते पुन्हा करी.

दुसरी मुदत संपत आली तसा लोकांचा जीव खालीवर होऊ लागला. लोकरीचा व्यापारी एसेन याने पुढाकार घेतला.

"नियम कशासाठी केला होता? वाईट माणूस चिकटून बसू नये म्हणून," तो सगळ्यांना सांगत सुटला. "हा तर चांगला आहे! येत्या सभेत नियमच काढून टाकू."

ताबिल्दी आधी नको नको म्हणाला, पण ते नको दिवसेंदिवस मऊ पडत गेलं. त्यात लबाडी नव्हती, हे मी आवर्जून सांगतो. त्याला खरोखरच भीती वाटत होती. आपण गेलो तर पाण्याचं भांडण पुन्हा पेटेल, एखादा तरुण जिवाला मुकेल, असं त्याला मनापासून वाटे. त्याच्या जागी येण्याजोगं माणूस म्हणून लोक एकच नाव घेत, ते जनावरांच्या डॉक्टरीणबाई सालकिन यांचं. बाई कामाची होती, पण तोंडाने तिखट आणि वयाने लहान. ताबिल्दीच्या मते ती अजून कच्ची होती.

"कासिमअली अगायचा आशीर्वाद घेऊ," एसेन म्हणाला. अगाय म्हणजे तिकडे गुरुजी. कासिमअलींनी खोऱ्यातल्या दोन पिढ्यांना शाळेत भूगोल शिकवला होता आणि ताबिल्दी त्यांचा लाडका विद्यार्थी होता. "त्यांनी हात पसरून आशीर्वाद दिला, की सभेत कुणाची वर बोलायची छाती होणार नाही."

एसेन, ताबिल्दी आणि गावातली चार वजनदार मंडळी कुरणावर पोचली, तेव्हा अगाय नुकतेच कळप घेऊन वर आले होते. घराचं सामान गवतात पसरलं होतं. अगायची पत्नी बुरुलआपा नमदे झटकत होती. सालकिनही तिथेच होती. ती अगायच्या आजारी घोडीला औषध द्यायला आली होती. तिला पाहून एसेनचं तोंड कडू झालं.

"बरं झालं आलात," अगाय म्हणाले. "घर उभारायला हात हवेच होते. कशासाठी आलात ते मला कळलंय. आशीर्वाद घर उभं राहिल्यावर, चुलीपाशी बसून. विस्तवाशिवाय दिलेला आशीर्वाद मी धरत नाही."

ते गोल घर कसं उभं राहतं, हे सांगितलं पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. आधी लाकडी जाळीची गोल भिंत उभी करतात. मग एकजण टोकाला बेचकं असलेल्या लांब खांबावर छपराचं कडं तोलून मधोमध उभा राहतो. या खांबाला बकान म्हणतात. बाकीचे लोक चहूबाजूंनी वाकवलेल्या काठ्या घेतात, एक टोक कड्याच्या भोकात खुपसतात आणि दुसरं जाळीला बांधतात. काठ्या पुरत्या बसल्या, की कडं त्यांच्यावरच तोललं जातं.

अगायनी बकान ताबिल्दीच्या हाती दिला. "कडं तू धर. आणि बकान केव्हा काढायचा तेही तूच ठरव. तुझी खात्री पटली की काढ."

एवढं बोलून ते दारासमोरच्या दगडावर जाऊन बसले.

ताबिल्दीने कडं पेललं. सालकिन आणि बुरुलआपा सराईतपणे काठ्या बसवू लागल्या, मंडळींनीही हात लावला. हळूहळू छपराचा घुमट भरला. सगळ्या काठ्या बसल्या, गाठी मारून झाल्या. बुरुलआपा चुलीचे दगड घेऊन आत आली आणि थबकली. चूल घराच्या मधोमध असते, बरोबर कड्याखाली, म्हणजे धूर सरळ वर जातो. त्या जागी ताबिल्दी बकान धरून उभा होता.

"काढतोस का रे बाबा?" तिने विचारलं.

"थांबा आपा. दाराकडच्या गाठी एकदा बघून घेऊ."

गाठी बघून झाल्या. मग त्याला पश्चिमेकडची एक काठी ढिली वाटली. सालकिनने ती हलवून दाखवली, ती हलेना. मग त्याला वाटलं, वारा सुटला तर? मग वाटलं, नमदे चढवून होऊ देत. नमदे चढले. आता छपरावर भार आला, म्हणजे उलट जास्तच जपायला हवं, असं त्याच्या मनाने घेतलं.

"मी बांधलेल्या गाठी आहेत त्या," सालकिन शेवटी तडकली. "वावटळ आली तरी सुटायच्या नाहीत!"

"तुझ्यावर अविश्वास नाही गं. पण घरात माणसं बसणार आहेत."

एव्हाना ऊन उतरलं होतं आणि डोंगरावरून बोचरा गारवा खाली येऊ लागला होता. मंडळी खांबाभोवती अंग चोरून बसली. बुरुलआपाने भाकरी आणि घोडीच्या दुधाचं आंबवलेलं कुमिस पुढे ठेवलं. पण कुमिस पडलं गार, ते पिऊन मंडळींना आणखीच हुडहुडी भरली. किर्गिझ माणसाच्या घरी वाटसरूलासुद्धा चहाशिवाय कुणी उठू देत नाही. इथे तर गावचे मानकरी दात वाजवत बसले होते आणि यजमान शांतपणे दाढी कुरवाळत होते.

"बाहेर चहाचा समोवार पेटवू का?" आपाने दारात जाऊन नवऱ्याला हळूच विचारलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"नको," अगाय म्हणाले. "घर असताना बाहेर विस्तव कशाला?"

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्याची बुद्धी चळली की काय, असं सगळ्यांच्या मनात आलं, पण बोलणार कोण? ताबिल्दीच्या हातांना रग लागली होती, खांदे थरथरत होते. तरी तो हटेना. आपण सोडलं तर छप्पर कोसळेल, हे त्याने आता पक्कं धरलं होतं.

अखेर एसेनचा धीर सुटला. जाड कोटाच्या आत तो नखशिखान्त कुडकुडत होता.

"अरे ताबिल्दी, काढ की तो खांब!" तो ओरडला. "काठ्या बसल्या, गाठी बसल्या, घर उभं राहिलं. आता तुझं काय काम आहे मधे? तू तिथून हललास तर चूल तरी पेटेल! आम्ही काय इथे गारठून मरायचं?"

अगाय दगडावरून उठले आणि आत आले.

"एसेन," ते अगदी गोडीने म्हणाले, "हेच पुन्हा एकदा म्हण बघू."

एसेनने तोंड उघडलं, आणि आपण काय बोलून बसलो हे ध्यानात येताच त्याने ते मिटून घेतलं. सालकिन खुदकन हसली. बाकीची मंडळी जमिनीकडे बघू लागली. ताबिल्दीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. तो हुशार विद्यार्थी होता, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

त्याने डोळे मिटले आणि बकान खाली घेतला. कडं किंचित करकरलं, काठ्यांवर नीट बसलं आणि जागच्या जागी राहिलं.

बुरुलआपाने क्षणाचाही वेळ न घालवता चुलीचे दगड मांडले. थोड्याच वेळात विस्तव फुलला, धूर कड्यातून सरळ वर गेला आणि घरात ऊब पसरली. चहाची पहिली वाटी हातात आल्यावर अगाय बोलू लागले.

"बाळा, घर उभारायला बकान लागतोच. तो नसता तर ही सगळी लाकडं गवतातच पडून राहिली असती. तू हे खोरं उभं केलंस, त्याबद्दल माझी छाती अभिमानाने भरून येते. पण बकान ज्या जागी उभा असतो, ती जागा चुलीची आहे. तू कितीही मजबूत अस, कितीही भला अस, जोवर तू मधोमध उभा आहेस, तोवर इथे विस्तव पेटणार नाही. लोक तुझ्याभोवती गारठून बसतील, आणि गंमत म्हणजे तुलाच दुवा देत बसतील. छप्पर माणसांनी चहूबाजूंनी बांधलेल्या काठ्यांवर टिकतं. त्या गाठींवर तुझा भरवसा नसेल, तर घर उभं राहिलं असं तरी कशाला म्हणायचं?"

मग ताबिल्दीने विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता, "अगाय, मग त्या बकानाचं पुढे काय होतं? सरपणात जातो?"

त्याला खरं भय कशाचं होतं, ते आता बाहेर पडलं. म्हाताऱ्या गुरूच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी वर्षं या घरांत राहिलास आणि हे पाहिलं नाहीस?" ते म्हणाले. "उद्या सकाळी लवकर ऊठ, म्हणजे दिसेल."

मग सर्वांनी हात पसरले आणि अगायनी आशीर्वाद दिला. कुणा एकाच्या नावाने नव्हे, त्या घराच्या आणि चुलीच्या नावाने.

सकाळी ताबिल्दी जागा झाला तेव्हा आत अंधार होता. रात्री पाऊस येऊ नये म्हणून कड्यावर नमदा ओढलेला होता. बुरुलआपा उठली, बाहेर गेली. दाराशी टेकवून ठेवलेला बकान तिने उचलला आणि त्याच्या बेचक्याने कड्यावरचा नमदा अलगद बाजूला सारला. वरून उजेडाचा झोत सरळ चुलीवर उतरला. आपाने बकान पुन्हा दाराशी टेकवला आणि ती धार काढायला निघून गेली.

सभेत ताबिल्दी फार थोडं बोलला. "नियम आहे तसाच राहू द्या. मी चुलीची जागा मोकळी करतो." ज्यांना कळलं नाही त्यांना एसेनने समजावून सांगितलं, आणि तेही अशा थाटात, की ही कल्पना मुळात त्याचीच होती! सालकिन निवडून आली.

पुढल्या वसंतात पाण्याचं भांडण खरोखरच उपटलं. वरच्या गावचे लोक ताबिल्दीच्या दाराशी आले आणि म्हणाले, "तुम्हीच चला." त्याच्या पायांनी तर उंबरठा ओलांडलाही होता. तो थांबला. "सालकिनकडे जा," म्हणाला. लोक कुरकुरत गेले. सालकिनने दोन्ही गावांना शिव्या घातल्या आणि दोन्हीकडच्या बायकांना एकत्र बसवून पाण्याच्या पाळ्या ठरवून घेतल्या. ताबिल्दीने तसं कधीच केलं नसतं. पण पाणी वाहतं राहिलं. त्यानंतर एकदा ती आपणहून त्याच्याकडे आली आणि म्हणाली, "वरच्या गावच्या म्हाताऱ्यांशी तुम्ही कसं बोलायचात, ते मला जरा सांगा." त्याने सांगितलं, आणि तिच्यासोबत गेला नाही.

आपल्या घरात, आपल्या संस्थेत चुलीच्या जागी कोण उभं आहे, हे ज्याने त्याने बघावं. कधीकधी आरशातही बघावं.

त्या उन्हाळ्यात अगायचं घर उभारताना बकान सालकिनच्या हाती होता आणि ताबिल्दी काठ्या बांधत होता. शेवटची गाठ मारून त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने काही न विचारता बकान काढला आणि त्याच्या हाती दिला. त्याने तो दाराशी नेऊन नीट टेकवून ठेवला. आतून बुरुलआपाची हाक आली, "चहा झाला रे!" तेव्हा तो हात झटकून इतरांबरोबर आत गेला आणि मिळेल त्या जागी बसला.